जांभ्यावरचे तीनशे यार्ड

मे महिन्यात गोल्फच्या मैदानावर मुलानं ड्रायव्हरनं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीनं (क्लबनं), मारलेला बॉल 318 यार्ड गेला. जुलैत त्याच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या त्याच जागेवरून, त्याच क्लबनं 279. मुलगा तोच, स्विंग तोच, बॉलही त्याच डब्यातला. मधे फक्त पाऊस पडला होता.

या प्रकरणाची सगळी गाठ या एकोणचाळीस यार्डांत आहे.

आधी माझी ओळख. मी गोल्फचा कोच नाही. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालो आणि आता बेळगावात टिळकवाडीत छोटीशी व्यायामशाळा चालवतो. गोल्फ खेळतो, पण रविवारचा, आणि तोही सुमारच. मुलाचे वडील गावातल्या गोल्फ मैदानावर तीस वर्षं कॅडी आहेत. माझी बॅग त्यांनी इतक्यांदा उचलली आहे की माझे वाईट फटके त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवतात. मी त्यांना मामा म्हणतो. मुलाचं नाव देत नाही, मुलगाच म्हणू. हिंडलग्याच्या पलीकडचं खेडं. आजोबा पैलवान, त्यामुळं घरात गोल्फच्या आधी तालीम आली.

तालमीचं कारण आणखी एक. ऑगस्ट 2022 मध्ये मैदानाच्या झाडीत बिबट्या दिसला तेव्हा आजूबाजूच्या शाळांना सुट्ट्या दिल्या होत्या आणि शोधासाठी शिमोग्याकडचे हत्ती आणले होते. बेळगावकरांना ते दिवस चांगलेच आठवत असतील. मैदान बंद, मुलगा पंधरा-सोळाचा, हातात क्लब नाही. म्हणून तो रोज सकाळी तालमीत जाऊन मुद्गल फिरवायला लागला. मैदान उघडल्यावर त्यानं मारलेला पहिला ड्राइव्ह मामांनी मला खुणेनं दाखवला. तोवर ज्या झाडाच्या अलीकडे त्याचा बॉल पडायचा, त्याच्या पलीकडे गेला होता.

एकोणिसाव्या वर्षी मुलानं ठरवलं, व्यावसायिक व्हायचं. पीजीटीआयच्या, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरच्या, क्वालिफाइंग स्कूलला (पात्रता स्पर्धेला) बसायचं. मामा त्याला घेऊन माझ्याकडे आले. अपेक्षा एकच, पोराला आणखी ताकद द्या. मोबाइलवर तो जे बघत होता त्यात सगळे तेच करत होते.

आणि त्याचं चुकत नव्हतं. अमेरिकेच्या पीजीए टूरवर 1980 मध्ये ड्रायव्हरची सरासरी 257 यार्डांच्या आसपास होती. 1997 मध्ये जॉन डॅलीनं वर्षभराची सरासरी तीनशेच्या पुढे नेली, तेव्हा तो एकटा होता आणि लोक त्याच्याकडे जत्रेतल्या पैलवानाकडे बघावं तसं बघत होते. आज टूरची अख्खी सरासरीच तीनशेला टेकली आहे, आणि 2023 मध्ये लांबीत पहिल्या नंबरावर असलेल्या रोरी मॅकिलरॉयची 326 होती. मधल्या काळात लाकडी डोक्याचे ड्रायव्हर जाऊन धातूचे आले, मग टायटॅनियमचे, 460 घनसेंटिमीटरपर्यंत फुगलेले. 2000 च्या शेवटी टायटलिस्टचा प्रो व्ही1 आला. ड्रायव्हरखाली कमी फिरणारा आणि वेजखाली, म्हणजे जवळून उंच मारायच्या क्लबखाली, चावणारा असा एकच बॉल सगळ्यांच्या खिशात गेला. आधी लांबी हवी असेल तर दगडासारखा बॉल घ्यायचा आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, तो थांबेल याची आशा सोडायची, अशी विभागणी होती. ती संपली. आणि मग जिम.

पण लांब मारणं फायद्याचं का, याचं उत्तर बॉलनं दिलं नाही, हिशोबानं दिलं. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या प्रत्येक फटक्याची नोंद घेऊन गणित मांडलं. टूरच्या खेळाडूला वीस यार्ड जास्त मिळाले तर एका फेरीत सुमारे पाऊण फटका वाचतो. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत तीन फटके झाले. तीन फटक्यांत कोणाचं पोट भरतं आणि कोणाचं नाही, हे ठरतं.

या गणिताचा सगळ्यात उघडा प्रयोग सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या विंग्ड फूट मैदानावर झाला. यूएस ओपन. अमेरिकेचा ब्रायसन डीशॅम्बो आधीच्या वर्षभरात अठरा-वीस किलो वाढवून आलेला. फेअरवे, म्हणजे मधली कापलेली पट्टी, अरुंद; रफ, म्हणजे बाजूचं वाढलेलं गवत, घोट्याच्या वर. सगळ्यांचा सल्ला ठरलेला: बॉल सरळ ठेवा. यानं 56 पैकी फक्त 23 फेअरवे पकडले आणि सहा फटक्यांनी जिंकला. चार फेऱ्यांत पारच्या, म्हणजे मैदानानं ठरवलेल्या फटक्यांच्या, खाली राहिलेला तो एकटाच. त्याचा विचार सरळ होता. इतक्या अरुंद फेअरवेवर चुकणार सगळेच. मग मागे चुकून रफमधून सहा नंबरचं आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) मारायचं, की पुढे जाऊन चुकून रफमधूनच वेज मारायचा? वेज गवत कापतो, आयर्नला गवत धरून ठेवतं.

मुलाला हे तोंडपाठ होतं. मामांनाही एक गोष्ट तोंडपाठ होती, आणि ती याच्या बरोबर उलटी.

7 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिंपिकची शेवटची फेरी. पहाटे मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर एका मोबाइलभोवती सात-आठ कॅडी डोकं घालून बसले होते, मामा त्यात होते. बेंगळूरची अदिती अशोक, म्हणजे आमच्याच राज्याची पोरगी, लांबीच्या यादीत तळाला आणि पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवर बॉल होलमध्ये ढकलण्यात, सगळ्यांच्या वर. चौथी आली. रौप्य आणि कांस्यासाठी जो प्लेऑफ झाला त्याच्यापासून एक फटका मागे. मामा मला म्हणाले, "सर, ती काय पैलवान हाय व्हय? बॉल सरळ ठेवला, पट घातला. पोराला तुम्ही गोल्फर करूलालासा की कुस्तीला पाठवूलालासा?"

मी त्यांना म्हटलं, मामा, तो एक फटकासुद्धा मोजा की. बाकीच्या पोरी आठ-नऊ नंबरचं आयर्न हातात घेऊन ग्रीनकडे बघत असताना ती हायब्रिड, म्हणजे त्याहून लांब पल्ल्याचा क्लब, घेऊन बघत होती. जगातलं उत्तम पटिंग करूनही ती एका फटक्यानं हुकली. मामा गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे, मी 'सर' आहे म्हणून. खरं सांगायचं तर अदितीचं उदाहरण दोन्हीकडे वळतं आणि मला ते तेव्हा माझ्याकडेच वळवायचं होतं.

आता माझी चूक.

ऑगस्ट ते नोव्हेंबर मी त्याला वजनावर घातलं. बैठका, डेडलिफ्ट, बेंच. खुराक वाढवला. चार महिन्यांत वजन सहा किलोनं वाढलं, छाती भरली, शर्ट बदलावे लागले. क्लबचा वेगही थोडा वाढला, आणि मी खूश झालो. दिवाळीनंतर एका सकाळी अकराव्या टीवर त्यानं पूर्ण जोर लावला आणि तसाच वाकून उभा राहिला. उजव्या बाजूला कंबरेत. सहा आठवडे क्लब बंद.

डॉक्टरांनी दाखवून दिलं ते मला, आयुष्यभर पोरांना उड्या मारायला शिकवणाऱ्या माणसाला, आधी दिसायला हवं होतं. फटक्याची ताकद छातीत नसते. पाय जमीन दाबतात, कंबर आधी फिरते, खांदे मागून येतात, हात त्याहून मागून. क्लबचं डोकं सगळ्यात शेवटी येतं आणि चाबकाच्या टोकासारखं सुटतं. मी छाती आणि खांदे इतके आवळून ठेवले होते की खांदे मागे राहायला जागाच नव्हती. कंबर आणि खांदे एकदम फिरायला लागले, आणि उरलेला पीळ मणक्यानं सोसला. डीशॅम्बोचंही पुढे डाव्या मनगटाचं ऑपरेशन झालं, एप्रिल 2022 मध्ये. ते मला माहीत होतं, पण त्याचा माझ्या पोराशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

गंमत अशी की आजोबांनी त्याला हे आधीच शिकवलेलं होतं. धोबीपछाड मारताना कंबर आत जाते, मग गडी अंगावरून जातो. खांद्यानं ओढणाऱ्याला धोबीपछाड जमत नाही. मुद्गलही तसाच, डोक्यामागून फिरतो तेव्हा खांदा मोकळाच व्हावा लागतो. म्हणजे तालमीनं जे दिलं होतं ते माझ्या व्यायामशाळेनं काढून घेतलं. जानेवारीपासून वजनं निम्मी केली. मुद्गल परत आणले, भिंतीवर जड चेंडू फेकणं, उड्या, आणि आठवड्यातून तीन दिवस हलकी आणि जड काठी आलटून पालटून पूर्ण वेगानं फिरवणं.

मार्चमध्ये आम्ही तिघं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूरला गेलो. तिथं सरावाच्या एका रेंजवर लॉन्च मॉनिटर, म्हणजे फटक्याचा वेग आणि कोन मोजणारं मशीन, तासावर भाड्यानं मिळतो. आपला फटका आकड्यांत कसा दिसतो हे मुलानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. क्लबचा वेग ताशी 116 मैल. टूरची सरासरी याच्या आसपासच आहे. म्हणजे इंजिन ठीक होतं. पण बॉल निघत होता फार खालून, आठ अंशांत, आणि फिरत होता फार, मिनिटाला साडेतीन हजार वेळा. क्लब बॉलवर खाली उतरत होता, चार अंशांनी.

का, ते मामांनी सांगितलं. पोरगं कडक जमिनीवरून, कुणाच्या तरी उसन्या आयर्ननं खेळायला शिकलं. तिथं बॉल चिमटून खालीच मारावा लागतो. बॉल ठेवायच्या खुंट्या, त्यांनाही टीच म्हणतात, त्या तर मैदानावर सापडलेल्या, मोडक्या, म्हणून बुटक्या. ड्रायव्हर हातात आला तरी सवय तीच राहिली.

टी दोन बोटं वर केली. बॉल डाव्या टाचेसमोर आणला. उजवा खांदा जरा खाली. चाळीसेक बॉल वाया गेले, मग एक असा निघाला की मशीनकडे बघायची गरज नव्हती, आवाजच वेगळा आला. स्पिन सत्तावीसशे, निघण्याचा कोन बारा, आणि हवेतलं अंतर आधीपेक्षा चौदा यार्ड जास्त. एका तासात, एकही वजन न उचलता. चार महिन्यांच्या खुराकानं एवढं दिलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी फारसं बोललो नाही.

मे महिन्यातले 318 त्यानंतरचे. मैदानावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांनी कधी त्याच्याकडे बघितलं नव्हतं ते मेंबर टीमागे येऊन थांबायला लागले. एकानं बूट दिले. मुलगा डॉगलेगवर, म्हणजे वाकणाऱ्या होलवर, झाडांवरून मारायला लागला.

जुलैचे 279 आले तेव्हा सगळे म्हणाले, पावसानं अंग आखडलं असेल. मी मॉनिटरचे आकडे काढून बसलो. मेमध्येही तो बॉल हवेत 280 च्या आसपासच गेला होता. पुढचं सगळं जांभ्यानं दिलं होतं. उन्हाळ्यात आमची जमीन तव्यासारखी असते, बॉल टप्पा घेऊन पळत सुटतो. पावसाळ्यात पडतो तिथं रुततो. आणि या 280 मध्येही थोडी उसनवारी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. हवा विरळ असल्यानं हजार फुटांमागे अंतर टक्का-सव्वा टक्का वाढतं. खाली सपाटीवर हाच बॉल 272 जाईल. पाणथळ फेअरवेवर तेवढाच.

म्हणजे ज्याला गाव तीनशे अठरावाला म्हणत होतं तो खरं तर दोनशे बहात्तरवाला होता. वाईट नाही. पण त्याच्यासारखे पन्नास जण क्वालिफायिंगला येणार होते.

इथून पुढं मी एक वही केली. प्रत्येक फेरीत कुठल्या अंतरावरून किती फटके लागले. मामा लिहीत, कारण पेन्सिल कानावर आणि स्कोअर डोक्यात ही त्यांची तीस वर्षांची सवय. वीस फेऱ्या झाल्यावर आम्ही बेरजा मारल्या. माझी पैज होती, पोरगं ड्रायव्हरवर फटके घालवतं. मामांची पैजही तीच. फक्त मी म्हणत होतो कमी लांब म्हणून, ते म्हणत होते फार वाकडा म्हणून.

दोघंही हरलो. फटके जात होते 80 ते 130 यार्डांतून. लांब मारून तो स्वतःला वेजच्या अंतरावर आणून ठेवत होता आणि तिथं त्याला काहीच येत नव्हतं. लहानपणापासून ग्रीनकडे जाताना त्याच्या हातात असायचं सहा किंवा सात आयर्न. पाऊण ताकदीचा वेज किती जातो हे त्याला माहीत नव्हतं, कारण कधी लागलंच नव्हतं. शंभरावरून मारलेला बॉल ग्रीनच्या पुढच्या काठावर नाहीतर मागच्या उतारावर. बापाच्या पद्धतीनं खेळून जो दीडशेवरून पार करायचा, तो पोराच्या पद्धतीनं खेळून नव्वदवरूनही पारच करत होता. ब्रॉडींच्या गणितातही चांगल्या खेळाडूंना सगळ्यात जास्त फायदा ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांतून होतो, ड्रायव्हर त्यानंतर येतो. गणिताचा हा दुसरा भाग मोबाइलवर कुणी दाखवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

वाकडेपणाचं मामांचं म्हणणं मात्र अगदीच सोडून देता आलं नाही. विंग्ड फूटवर चुकलं तर रफ होतं. आमच्या मैदानावर चुकलं तर तारेचं कुंपण आहे, झाडी आहे. कुंपणापलीकडे गेलेल्या बॉलला एक दंडाचा फटका आणि परत मागून मारणं, म्हणजे लांबीनं फेरीभरात कमावलेला पाऊण फटका एका क्षणात दुपटीनं परत. ब्रायसनलाही ते कळलं, जिंकल्यावर दोनच महिन्यांत. नोव्हेंबर 2020 ची मास्टर्स स्पर्धा, पावसानं भिजलेलं ऑगस्टाचं मैदान. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या होलवर त्याचा ड्राइव्ह ओल्या जमिनीत कुठंतरी रुतला तो सापडलाच नाही. त्या होलवर सात फटके गेले. शेवटच्या दिवशी त्याच्याबरोबर 63 वर्षांचा बर्नहार्ड लँगर खेळला, प्रत्येक टीवर कितीतरी मागं राहत, आणि स्पर्धा संपल्यावर त्याच्या एका फटक्यानं पुढे होता. ही गोष्ट मी मामांना सांगितली. नंतर आठवडाभर ती त्यांनी मला सांगितली.

म्हणून अठरा होलांची यादी केली. कुंपणाला लागून असलेल्या पाच होलांवर तीन नंबरचं वुड, ड्रायव्हरपेक्षा आखूड मारणारं. बाकीच्यांवर ड्रायव्हर, पूर्ण जोरानं, मामा काही म्हणोत.

मधे एक प्रश्न मुलानंच काढला. नव्या नियमानं बॉल आखूड जाणार असेल तर एवढं कशाला? गोल्फचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए यांनी डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं होतं की अंतराची मर्यादा तीच ठेवून बॉलची चाचणी ताशी 120 ऐवजी 125 मैल वेगावर होईल, व्यावसायिकांसाठी 2028 पासून. सगळ्यात लांब मारणाऱ्यांचे तेरा ते पंधरा यार्ड कमी होतील असा त्यांचा अंदाज होता. मी त्याला म्हटलं, कमी सगळ्यांचेच होतील, पुढचा पुढेच राहील. त्याला पटलं. मला स्वतःला अजून पूर्ण पटलेलं नाही. वेगवान मुलांचे यार्ड जास्त कापले जाणार असतील तर वेजवाल्याचा भाव थोडा तरी वाढेलच.

क्वालिफायिंग झालं. खाली, सपाटीवरच्या मैदानावर. तीन फटक्यांनी हुकला. वहीत तिथलीही नोंद आहे. ड्रायव्हर एकदाच बाहेर गेला. 80 ते 130 यार्डांतून चौदा वेळा मारलं, त्यानंतर एकाच पटमध्ये बॉल आत गेला तो तीनदाच. गटातला एक पोरगा त्याच्यापेक्षा तीस यार्ड मागून खेळत होता आणि पुढच्या टप्प्यात गेला. परतताना मुलगा एवढंच म्हणाला, "त्याला प्रत्येक वेज ठाऊक होता, सर." भारतीय ओपन 2009 मध्ये जिंकणारा मुनियप्पा बेंगळूरचा कॅडीच होता हे मामांनी त्याला गाडीत पुन्हा सांगितलं. बहुधा शंभराव्यांदा.

यंदाचा पाऊस लवकर आला. मागच्या आठवड्यात संध्याकाळी मैदानावर गेलो तर मेंबर कुणी नव्हते. मुलगा टीवर, मामा फेअरवेवर छत्री घेऊन. मुलानं मारला. मामा चालत गेले, वाकले आणि बोटानं चिखल उकरून बॉल बाहेर काढला. महागाचा बॉल, हरवला तर एका फेरीची मजुरी गेली. मग त्या खळग्यापासून मागं टीपर्यंत पावलं मोजत आले. त्यांचं पाऊल बरोबर एक यार्डाचं आहे, लेझर येण्याआधीपासून. पावसाळ्यात टप्पा नाही, घरंगळणं नाही, बॉल पडला तिथंच खळगा, म्हणजे मोजलं ते सगळं खरं.

"दोनशे शहाऐंशी," टीजवळ येऊन म्हणाले.

पोरगं हसलं. मामांनी त्याच्या हातातून ड्रायव्हर काढून घेतला, बॅगेत ठेवला, वेज दिला आणि छत्री उघडून पुन्हा पुढं गेले. नव्वद पावलांवर थांबले. बॉल त्यांच्या डोक्यावरून गेला.

"सात जास्त!" पावसातून ओरडले.

मुलानं दुसरा बॉल खाली टाकला.